वॉर्डातल्या वृद्ध रुग्णाला चालवण्याचे काम नेमके कोणाचे? राज्याच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय, सार्वजनिक आरोग्य विभाग व वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, अधिसेविका, तसेच खाजगी व धर्मादाय रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस

सविनय नमस्कार.

न्यूमोनिया, हृदयाचा त्रास, लघवीचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर अशा कारणांनी रुग्णालयात दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या अनेक व्यक्ती ज्या आजारासाठी आल्या त्यातून बऱ्या होतात, पण पायांतले बळ गमावून घरी जातात. ताप उतरलेला असतो, रक्ताचे अहवाल ठीक असतात, डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती सुधारली' असा शेरा असतो, आणि आठवड्यापूर्वी काठी टेकत स्वतःच्या पायांनी ओपीडीपर्यंत आलेल्या आजोबांना दोघांनी धरून गाडीत बसवावे लागते. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असून सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत काम केले आहे. या नुकसानाचा मोठा भाग वय किंवा आजार यांमुळे होत नाही; तो वॉर्डातील सवयी, जागेची रचना आणि कामाची वाटणी यांतून होतो आणि म्हणून टाळता येतो, हे आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अंथरुणावर पडून राहिल्याने शरीराचे काय होते, हे आता पुरेसे मोजले गेले आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांना ना ताप होता, ना जंतुसंसर्ग, आणि आहारही मोजून दिला जात होता. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले आणि गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद सुमारे सोळा टक्क्यांनी कमी झाली. आपल्या वॉर्डातील पंचाहत्तर वर्षांची आजी त्या स्वयंसेवकांपेक्षा वयाने मोठी असते, तिला ताप असतो, ती धड जेवत नसते, आणि दाखल होण्यापूर्वीच तिची ताकद जेमतेम रोजच्या व्यवहाराला पुरेल एवढीच असते. तरुण माणसाने एवढेच स्नायू गमावले तर त्याला ते जाणवतही नाही, कारण त्याच्या गाठीला शिल्लक असते. आजीच्या बाबतीत मात्र खाटेवरून उठता येणे आणि न येणे यांतले अंतर नेमके तेवढेच असते.

रुग्णालयातील वृद्ध खरोखर किती वेळ पडून असतात, हेही मोजले गेले आहे. अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या, ६५ वर्षांवरील ४५ रुग्णांच्या शरीराला हालचाल मोजणारी उपकरणे लावून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. हे सर्व जण दाखल होण्याच्या दोन आठवडे आधी चालू शकत होते. रुग्णालयात मात्र त्यांचा सुमारे ८३ टक्के वेळ पडून गेला, आणि उभे राहणे व चालणे मिळून दिवसाकाठी सुमारे ४३ मिनिटे भरली. सत्तरीनंतर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्ती आंघोळ, कपडे घालणे, उठणे, शौचाला जाणे अशा मूलभूत कामांपैकी एखादे तरी करण्याची क्षमता गमावून घरी जातात, हाही तिकडच्याच अभ्यासांचा निष्कर्ष आहे. लंडनमधील डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाचे धोके १९४७ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवले होते, तेव्हा हा प्रश्न नवा मुळीच नाही. महाराष्ट्रात मात्र तो आता मोठ्या प्रमाणावर समोर येणार आहे, कारण २०११ च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढच्या व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती आणि लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण देशाच्या ८.६ टक्क्यांच्या तुलनेत ९.९ टक्के होते.

वृद्ध रुग्ण असे पडून का राहतात, याचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण असे की वॉर्डातल्या वृद्धाला उठवून चालवणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. डॉक्टर राउंडवर 'यांना जरा चालवा' असे म्हणून पुढच्या खाटेकडे जातात. ते वाक्य केसपेपरवर उतरत नाही, त्यामुळे सिस्टरसाठी तो आदेश ठरत नाही. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला इंजेक्शने, सलाईन आणि नोंदी यांतून मान वर करायला वेळ मिळत नाही, आणि न झालेल्या चालण्याबद्दल तिला कोणी जाब विचारत नाही. मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, रुग्णाला एक्स-रेला नेण्यासाठी असतात, त्याला वॉर्डात दोन फेऱ्या मारायला लावणे त्यांना कोणी सांगितलेले नसते. फिजिओथेरपिस्टला बोलावणे येते ते शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात झाला असेल तर, तेही रेफरन्स लिहिला गेला तरच, आणि बहुतेक वेळा रुग्ण उठेनासा झाल्यानंतर. न्यूमोनियाच्या पाचव्या दिवशी आम्हाला बोलावले जाते तेव्हा आमच्याकडे मागितले जाते ते उपचार, आणि गरज असते ती पहिल्या दिवसापासून कोणी तरी रुग्णाला खुर्चीत बसवण्याची. त्यासाठी पदवी लागत नाही.

याउलट न उठण्याचा आदेश मात्र लेखी असतो. दाखल करताना रक्तदाब खाली आलेला असतो किंवा छातीत दुखत असते, म्हणून 'सीबीआर', म्हणजे पूर्ण विश्रांती, असे लिहिले जाते, आणि त्या क्षणी ते योग्यही असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब स्थिर होतो, पण ती तीन अक्षरे कोणी खोडत नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वांत कमी हालचाल असलेल्या वृद्ध रुग्णांच्या बाबतीत अंथरुणात ठेवण्यामागचे वैद्यकीय कारण निम्म्याहून अधिक वेळा नोंदलेलेच आढळले नव्हते. आपल्याकडील केसपेपर त्या दृष्टीने कोणी तपासले तर फार वेगळे चित्र दिसेल असे मला वाटत नाही. पायातील शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला हलूच द्यायचे नाही, ही समजूतही अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. रक्त पातळ ठेवणारे औषध योग्य मात्रेत सुरू झाल्यावर अशा बहुतेक रुग्णांनी चालणे सुरक्षित असते.

दुसरे कारण नळ्यांचे. सलाईनची बाटली खाटेच्या दांडीला किंवा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि चाकांचा स्टँड असलाच तर त्याचे एक चाक अडकलेले असते. दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास प्रतिजैविक द्यायचे असेल तर उरलेला वेळ सुई बंद करून हात मोकळा ठेवता येतो, पण सावकाश ठिबकणारे सलाईन दिवसभर चालू ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटते, नातेवाइकांना तर त्यातच उपचार दिसतात. लघवीच्या नळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. अत्यवस्थ रुग्णात लघवीचे माप हवे म्हणून ती घातली जाते आणि माप घेण्याची गरज संपल्यावरही राहते, कारण शौचालय लांब आहे, मावशी एकच आहे आणि रुग्ण उठताना पडला तर काय ही भीती आहे. नळी जितके दिवस राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो, हे सर्व डॉक्टरांना ठाऊक आहे. तिच्यामुळे वृद्ध माणसाचे उठण्याचे सर्वांत स्वाभाविक निमित्तच नाहीसे होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. दिवसातून पाच-सहा वेळा लघवीला उठून जाणे हा वॉर्डातला सर्वांत चांगला आणि फुकटचा व्यायाम आहे. अलीकडे विशेषतः खाजगी रुग्णालयांत स्वतः उठू शकणाऱ्यांनाही डायपर बांधले जातात आणि त्याचे पैसे बिलात लागतात. ही सोय रुग्णापेक्षा आपली अधिक आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

आता शौचालयाविषयी, कारण माझ्या अनुभवात वृद्धांच्या चालण्याला सर्वांत जास्त अडवणारी जागा तीच आहे. सरकारी इमारतींत ते वॉर्डाच्या टोकाला असते, बहुधा भारतीय पद्धतीचे, फरशी ओली, दिवा मंद, धरायला दांडी नाही आणि दाराला आतून कडी असली तरी बाहेरून उघडण्याची सोय नाही. चपला वॉर्डाच्या दाराबाहेर काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, त्यामुळे पायांची संवेदना कमी झालेला मधुमेही रुग्ण अनवाणी किंवा मोज्यांनिशी त्या ओल्या फरशीवर जातो. गुडघे धरलेल्या स्त्रीला उकिडवे बसता येत नाही, म्हणून ती पाणी पिणेच कमी करते, मग तिची लघवी जळजळते, रक्तदाब उतरतो आणि उठल्यावर चक्कर येते. ही साखळी डॉक्टरांच्या राउंडमध्ये कधीच उलगडत नाही, कारण सुरुवात शौचालयाच्या फरशीवर झालेली असते. भिंतीला दोन पकडदांड्या, कमोडची खुर्ची, न घसरणारी चटई आणि रात्रभर जळणारा दिवा यांचा खर्च कोणत्याही एका यंत्राच्या वार्षिक देखभालीपेक्षा कमी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सुगम असाव्यात असे सांगतोच, तेव्हा यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

खाटेजवळ खुर्ची नसणे हे असेच दुर्लक्षित कारण आहे. वृद्ध रुग्णाला दोन्ही बाजूंना हात असलेली घट्ट खुर्ची मिळाली तर तो दिवसातून तीन वेळा तिच्यात बसून जेवू शकतो. आपल्याकडे खाटेशेजारी असते ते लोखंडी स्टूल, आणि त्यावर नातेवाईक बसलेले असतात. एका उंचीची लोखंडी खाट ठेंगण्या माणसाला उंच पडते, त्यामुळे पाय जमिनीला टेकण्याआधीच त्याला उडी मारावी लागते. एका बाबतीत मात्र सरकारी वॉर्ड खाजगी रुग्णालयांपेक्षा बरे आहेत. इंग्लंडमध्ये २०१८ साली रुग्णांनी रुग्णालयाचे झगे सोडून स्वतःचे कपडे घालावेत आणि उठावे यासाठी सत्तर दिवसांची मोहीम राबवावी लागली. आपल्या जिल्हा रुग्णालयात आजी तिच्या साडीतच असते. मागून उघडा राहणारा झगा घालून चारचौघांत चालायला कोणती आजी तयार होईल, हा प्रश्न खाजगी रुग्णालयांनी स्वतःला विचारावा.

रुग्णाच्या शरीरातली कारणे डॉक्टरांना मी सांगणे आगाऊपणाचे होईल, म्हणून त्यातली वॉर्डात हमखास निसटणारीच तेवढी नोंदवते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरतो का, हे पाहण्यासाठी फक्त रक्तदाबाचे यंत्र आणि थोडा धीर लागतो, पण रक्तदाब मोजला जातो तो बहुतेक वेळा झोपलेल्या अवस्थेतच. घरी चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्यावर लघवी वाढवणारे औषध आणि रात्री झोपेची गोळी असे मिश्रण सकाळी रुग्णाला उभे राहू देत नाही. ॲलर्जीसाठी सहज टोचले जाणारे फेनिरामिनसारखे इंजेक्शनही वृद्धांना गुंगीत ठेवते. वेदनाशामक 'दुखले तर द्या' असे लिहिलेले असते, आणि दुखते म्हणून न मागणे हा तर आपल्या आधीच्या पिढीचा स्वभाव. वेदनाशामकाची वेळ चालण्याच्या आधी अर्धा तास ठेवली तर त्याच रुग्णाचे पाऊल उचलले जाते.

आहाराचाही विचार येथेच व्हायला हवा. तपासण्यांसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेला रुग्ण दुपारी चालत नाही, यात नवल काय? आजारी वृद्धांना रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी तज्ज्ञगटांची शिफारस आहे. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. आजारी माणसाला हलके द्यावे म्हणून घरून जे येते ते पेज, वरणाचे पाणी आणि साबुदाण्याची खीर असते. त्या खिरीत प्रेम पुष्कळ असते, प्रथिने मात्र दुधात असतील तेवढीच.

वृद्ध रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री असंबद्ध बोलू लागतो, नळ्या ओढतो, उठून पळू पाहतो, तेव्हा नातेवाईक 'वात झालाय' असे म्हणतात आणि वॉर्डात त्याचे हात खाटेला बांधले जातात. हात बांधलेला माणूस चालत नाही, आणि न चालणाऱ्याचा गोंधळ आणखी वाढतो. येल विद्यापीठातील डॉ. शॅरॉन इनोये आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना वेळेवर पाणी देणे, रात्री झोपू देणे, चष्मा व श्रवणयंत्र लावून देणे, त्यांच्याशी बोलत राहणे आणि दिवसातून तीनदा हालचाल करवणे एवढ्याने अशा भ्रमावस्थेचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. हे काम बऱ्याच अंशी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केले. आपल्याकडे चष्मा आणि श्रवणयंत्र हरवतील म्हणून घरी ठेवले जातात, आणि मग काही न दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण 'सहकार्य करत नाही' असे लिहून मोकळे होतो.

नातेवाइकांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्या रुग्णालयांचे खरे बळ तेच आहेत. परदेशातील वॉर्डात रुग्ण बहुतांश वेळ एकटा असतो. आपल्याकडे पास घेतलेला एक माणूस चोवीस तास खाटेशेजारी असतो, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपतो. मात्र आपल्या घरांतली सेवेची कल्पना अशी की आजाऱ्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. 'तुम्ही पडून राहा, मी देते' हे वाक्य सून म्हणते तेव्हा त्यात माया असते आणि सासूबाईंना काही झाले तर बोल आपल्याला लागेल ही भीतीही असते. भेटीला येणारी मंडळी रुग्ण खुर्चीत बसलेला दिसला की 'अहो, उठलात कशाला?' असे विचारतात, आणि रुग्णही पाहुणे येताच शिस्तीत आडवा होतो. रात्री तर वेगळीच अडचण असते. खाली झोपलेल्या मुलाला उठवायचे जिवावर येते, म्हणून आजोबा अंधारात एकटेच निघतात आणि पडतात. या सर्वांना दोष देण्यापूर्वी आपण त्यांना काय शिकवले, हे पाहावे. रुग्णाला आधी कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसवावे, हात ओढून न उठवता कमरेला आधार द्यावा, अशक्त बाजूला उभे राहावे, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवावे: एवढे प्रात्यक्षिक दहा मिनिटांत होते. ते दाखल होण्याच्या दिवशीच झाले तर खाटेशेजारी बसलेला माणूस पहाऱ्यावरून मदतीला येतो. मात्र नातेवाईक आहेत म्हणून कर्मचारी नकोत, असा अर्थ कोणी काढू नये. हा भार अखेर घरातल्या बायकांवरच पडतो, आणि ज्यांच्यासोबत कोणीच आलेले नाही असे वृद्धही वॉर्डात असतातच.

रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर यांना 'वृद्ध का चालत नाहीत' असे विचारणारी पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अशक्तपणा, वेदना, थकवा, सलाईन आणि लघवीची नळी यांच्या बरोबरीने पडण्याची भीती हे कारण वारंवार पुढे आले. या भीतीची आपल्याकडे एक व्यवस्थात्मक बाजू आहे. रुग्ण पडला तर घटनेचा अहवाल लिहावा लागतो, पाळीवरच्या सिस्टरची चौकशी होते, प्रसंगी नातेवाईक अंगावर येतात. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांसाठी राज्याला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून वॉर्डातले वातावरण लक्षात यावे. रुग्ण दहा दिवस पडून राहिला आणि त्याचे पाय गेले, तर मात्र कोणालाही एक ओळ लिहावी लागत नाही. एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानांकनासाठी रुग्ण पडण्याच्या घटना आणि रुग्णालयात झालेल्या शय्याव्रणांची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, मोजदाद ठेवली जाते, आणि ती ठेवायलाच हवी. चालण्याची मोजदाद ठेवणारे रुग्णालय मात्र माझ्या पाहण्यात नाही. अशा स्थितीत 'आजी, उठू नका, पडाल' हा सिस्टरचा सल्ला तिच्या बाजूने अगदी तर्कशुद्ध आहे.

फक्त पडणे मोजल्याने काय होते, याचा धडा अमेरिकेने आधीच दिला आहे. तेथे ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात पडून झालेल्या दुखापतींचा जादा खर्च मेडिकेअरने, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने, देणे बंद केले. त्यानंतर रुग्ण उठताच वाजणाऱ्या गजरांसारख्या उपायांकडे ओढा वाढला. अशा गजरांचा वापर वाढवूनही पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. खाटेला खिळवून ठेवलेला वृद्ध रुग्णालयात कदाचित पडत नाही. तो घरी गेल्यावर, दुबळ्या झालेल्या पायांवर, न्हाणीघरात पडतो आणि खुबा मोडून पुन्हा आपल्याकडेच येतो, पण त्या पडण्याची नोंद आपल्या वहीत होत नाही.

उलट बाजूचा पुरावाही ठोस आहे. स्पेनमधील पाम्प्लोना येथे ३७० रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांचे सरासरी वय ८७ होते, म्हणजे आपण ज्यांना उठवण्याचा विचारही करणार नाही असे हे रुग्ण. ज्यांना दिवसातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम दिला गेला त्यांची कार्यक्षमता दाखल होतानापेक्षा सुधारली, आणि नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांची घटली. व्यायामामुळे अपाय झाल्याचे आढळले नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १४ रुग्णालयांनी मिळून हाती घेतलेल्या उपक्रमाचे सूत्र तर आपल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी राबवता येईल एवढे साधे होते: दाखल झाल्यापासून चोवीस तासांत हालचालीची क्षमता तपासणे, दिवसातून किमान तीनदा हालचाल करवणे आणि ती रोज थोडी वाढवणे.

म्हणून माझी विनंती अशी की साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर, दाखल करतानाच, 'आजारी पडण्यापूर्वी दोन आठवडे हे कसे चालत होते' याची नोंद बंधनकारक करावी. त्यानंतर प्रत्येक पाळीत तापमान आणि नाडीच्या शेजारी रुग्णाने गाठलेली हालचालीची पायरी लिहावी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यासाठी आठ पायऱ्यांचे साधे मोजमाप वापरतात, त्यात अंथरुणात पडून राहणे ही पहिली पायरी, खाटेच्या कडेला बसणे तिसरी, एक मिनिट उभे राहणे पाचवी आणि सुमारे पंचाहत्तर मीटर चालणे ही आठवी. हा आकडा लिहायला सिस्टरला काही सेकंद लागतील, आणि राउंडवर डॉक्टरांना कालची पायरी आजच्या पायरीहून वर होती का, हे एका नजरेत कळेल. विश्रांतीचा आदेश द्यायचा असेल तर कारण आणि मुदत लिहून द्यावा. चोवीस तासांनी तो आपोआप रद्द व्हावा आणि गरज असल्यास नव्याने लिहावा. स्थिर न केलेले अस्थिभंग, चालू असलेला रक्तस्राव, अस्थिर रक्तदाब किंवा हृदयाची धोकादायक लय अशी खरी कारणे असतात, आणि ती लिहायला कोणत्याही डॉक्टरला अडचण येणार नाही. लघवीची नळी आणि सलाईन आज का ठेवले आहे, हा प्रश्नही रोजच्या राउंडच्या नमुन्यात छापलेला असावा. आणि जेथे पडण्याची मोजणी होते तेथे चालण्याचीही व्हावी. देखरेखीखाली चालताना रुग्ण पडला तर चौकशी शिक्षेसाठी न होता कारण शोधण्यासाठी व्हावी, हे लेखी परिपत्रकाने सांगितल्याशिवाय सिस्टरचा 'उठू नका' थांबणार नाही.

मनुष्यबळाशिवाय हे सगळे होईल, असा माझा दावा नाही. फिजिओथेरपिस्टची पदे जेथे आहेत तेथे ती बहुधा कंत्राटी असतात, सकाळचा वेळ ओपीडीत जातो आणि रविवारी वॉर्डात कोणीच नसते. प्रत्येक मोठ्या वॉर्डासाठी, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, फक्त रुग्णांना उठवणे-चालवणे एवढेच काम असलेला एक प्रशिक्षित मदतनीस दोन पाळ्यांत मिळाला तरी पुष्कळ फरक पडेल. यासाठी सुरुवातीची जागाही तयार आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धविभाग आणि फिजिओथेरपीची सोय अभिप्रेत आहे, आणि मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय त्यातील प्रादेशिक केंद्रांपैकी एक आहे. त्या खाटांवर ही पद्धत आधी सहा महिने चालवून पाहावी, आकडे जाहीर करावेत आणि मग इतर वॉर्डांकडे जावे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेचे वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले आहे. त्या दाव्यांच्या कागदपत्रांत दाखल होतानाची आणि घरी जातानाची हालचालीची पायरी भरणे सक्तीचे केले, तर खाजगी रुग्णालयेही वृद्धांना उठवू लागतील, हे मी खात्रीने सांगू शकते.

नोंदीचा मराठी नमुना, नातेवाइकांसाठी दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकाचा मजकूर आणि सिस्टर, मामा व मावशींसाठी प्रशिक्षण तयार करून देण्याची माझी आणि माझ्या व्यवसायातील अनेकांची तयारी आहे. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही. आदेश मात्र आपल्या सहीने निघावा लागेल, कारण आमच्या शब्दावर केसपेपरचा रकाना बदलत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट